बहुधर्मी शहर, एकधर्मी वर्ग



अध्यक्षाने आधी आभार मानायचे, मग आपली अपात्रता सांगायची आणि त्यानंतर तासभर बोलायचं, अशी आपल्याकडची रीत आहे. आभार मनापासून मानते. अपात्रतेचा भाग वगळते, कारण मला बोलावताना तुम्ही त्याचा विचार केलाच असेल. तासाचं मात्र आश्वासन देत नाही.

भिवंडी शहर-तालुक्यातल्या शिक्षकांचं हे संमेलन शेलारला भरवलंत हे मला आवडलं. नदीनाक्यापाशी महापालिका संपते आणि ग्रामपंचायत सुरू होते, पण यंत्रमागांचा खडखडाट ही हद्द मानत नाही. मुलंही मानत नाहीत. इकडची मुलं शाळेला तिकडे जातात, तिकडची कुटुंबं भाडं परवडत नाही म्हणून इकडे राहायला येतात. सभागृहात जिल्हा परिषदेचे, महापालिकेचे, अनुदानित आणि विनाअनुदानित असे सगळे शिक्षक आहेत. मराठी, उर्दू, तेलुगू, हिंदी, इंग्रजी अशी माध्यमं आहेत. मघापासून मी इथून पाहते आहे. आयोजकांनी खुर्च्यांवर कुणाची नावं चिकटवलेली नाहीत, तरी डावीकडच्या चार रांगा उर्दू माध्यमाच्या झाल्यात, मधल्या मराठीच्या, आणि तेलुगू माध्यमाची मंडळी खिडकीशी आहेत. यात कुणाचा काही वाईट हेतू नाही. माणूस ओळखीच्या माणसाशेजारी बसतो. पण आजचा विषय ‘बहुधर्मी शहरातल्या शाळांत धर्माचं शिक्षण’ असा आहे, आणि माझ्या मते त्याचं निम्मं उत्तर या बैठकव्यवस्थेत आहे.

विषयाची मांडणी सहसा अशी होते: एका वर्गात अनेक धर्मांची मुलं बसली आहेत, त्यांना धर्माबद्दल काय सांगावं? भिवंडीत हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे. शहर बहुधर्मी आहे, वर्ग नाहीत. शहरात निम्म्याहून अधिक वस्ती मुसलमानांची. त्यातले कोकणी मुसलमान इथले जुने रहिवासी, त्यांच्या घरातली बोली ऐकाल तर ती मराठीचीच बहीण. मऊ, आझमगड या बाजूंनी आलेले मोमीन-अन्सारी हातमाग घेऊन आले आणि त्यांच्यामुळे हे गाव कापडाचं झालं. तेलंगणातून आलेले पद्मशाली पद्मानगरात स्थिरावले. आगरी, कुणबी, कोळी इथले मूळचे, तालुक्यात वारली, कातकरी पाडे, बौद्ध वस्त्या, जैन, गुजराती व्यापारी. आता गोदामांमुळे बिहार-झारखंडपासूनची पोरं आली आहेत. एवढं सगळं काही मैलांच्या आत. आणि पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी आपण ते चाळून घेतो: हा उर्दूकडे, ही मराठीकडे, तो तेलुगूकडे. माध्यम भाषेचं असतं, पण भिवंडीत माध्यम निवडलं की बहुतेक वेळा वर्गाचा धर्मही ठरून जातो. मग मराठी शाळेत सर्वधर्मसहिष्णुता हे मूल्य आपण तीस हिंदू आणि बौद्ध मुलांना शिकवतो. तेच मूल्य, त्याच आठवड्यात, भिंतीपलीकडच्या उर्दू वर्गात तीस मुसलमान मुलं शिकतात. दोघांनाही एकमेकांबद्दल सहिष्णू व्हायचं आहे आणि दोघांचीही भेट झालेली नाही.

महापालिकेच्या कितीतरी इमारतींत सकाळी एक माध्यम भरतं, दुपारी दुसरं. बाक तेच, फळा तोच, पाण्याची टाकी तीच. दुपारच्या पाळीची पोरं फाटकाबाहेर उभी असतात तेव्हा सकाळची पोरं बाहेर पडतात. पंधरा मिनिटांची ही गाठभेट. तिथे मुलं एकमेकांना काय म्हणतात ते ऐकलंय का कधी? मी ऐकलं आहे. सगळं इथे सांगण्यासारखं नाही. पण धर्माचं शिक्षण या शहरात चालू आहे, त्याला तासिका आहे आणि ती फाटकाशी भरते, एवढं त्यातून मला कळलं.

धर्म शाळेत आणायचा की नाही यावर आपण वाद घालतो. शाळा मुलाला पहिल्या दिवशी काय विचारते ते आठवा. नाव, जन्मतारीख, मातृभाषा, धर्म, जात. जनरल रजिस्टरात ते नोंदवलं जातं आणि पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरतं. म्हणजे मुलाचा धर्म कोणता हे आपण शाईने लिहून घेतो आणि पुढची दहा वर्षं त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. तो रोजा ठेवतो तेव्हा शारीरिक शिक्षणाच्या तासाला त्याचं काय करायचं, ती नवरात्रात अनवाणी येते तेव्हा शेजारच्या मुलीने विचारलं तर काय सांगायचं, दसऱ्याच्या पाटीपूजनाला मागच्या ओळीत हात न जोडता उभ्या असलेल्या मुलाकडे रागाने पाहायचं की नाही, यातलं काहीही आपल्याला डी.एड.ला कुणी शिकवलेलं नाही. ज्याच्या त्याच्या स्वभावावर सोडलेलं आहे.

कायद्याचं थोडं सांगते, कारण या बाबतीत आपल्या मुख्याध्यापकांच्या मनात भीती जास्त आणि माहिती कमी असते. राज्यघटनेचा अनुच्छेद 28 म्हणतो की संपूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत ते दिलं जात असेल, तर मुलाला त्यात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. त्यासाठी पालकांची संमती लागते. शेवटचं वाक्य पुन्हा सांगते, कारण ते दोन्ही बाजूंच्या संस्थांना लागू आहे. प्रार्थनेत हात जोडायला लावणाऱ्या शाळेलाही आणि कलमा पाठ करून घेणाऱ्या शाळेलाही. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या बिजो इमॅन्युएल आणि त्याच्या बहिणींचा खटला निकाली काढला. यहोवाचे साक्षीदार या पंथाची ती मुलं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढलं होतं. न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. जिथे राष्ट्रगीताच्या बाबतीत ही मोकळीक आहे, तिथे पाटीपूजनाच्या वेळी गप्प उभ्या असलेल्या मुलाकडे आपण डोळे वटारायचं कारण नाही.

पण अनुच्छेद 28 चा अर्थ ‘धर्म हा शब्द उच्चारू नका’ असा होतो का? 7 डिसेंबर 1948 रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली, ती प्रत्येक शिक्षकाने वाचावी. बाबासाहेबांनी तिथे कारणं दिली आहेत. सर्वांच्या करातून आलेला पैसा एका समाजाच्या धर्मशिक्षणावर खर्च करता येणार नाही, हे एक. आपल्याकडे धर्म आणि पंथ इतके की सगळ्यांची सोय करायची म्हटली तर शाळा चालवणंच अशक्य होईल, हे दुसरं. आणि तिसरं त्यांच्या खास रोखठोकपणाने: आमचाच मार्ग मोक्षाचा, बाकीचे चुकीचे, असं शिकवणाऱ्या गोष्टी शाळेत आणल्या तर शाळेची शांतता मोडेल. एवढं सांगून ते थांबले नाहीत. सदस्यांच्या प्रश्नावर त्यांनी धार्मिक शिकवण आणि धर्माचा अभ्यास या दोन गोष्टी वेगळ्या केल्या, आणि उदाहरण इस्लामचंच दिलं. अमुक एक मान, असं सांगणं म्हणजे शिकवण. मुसलमान काय मानतात हे समजून घेणं म्हणजे अभ्यास. पहिलीला बंदी आहे, दुसऱ्याला नाही.

पुढे शिक्षण आयोगांनी हेच पुन्हा सांगितलं. 1964 ते 1966 च्या कोठारी आयोगाने धर्माचं शिक्षण आणि धर्मांविषयीचं शिक्षण यांत फरक केला आणि दुसऱ्याची बाजू घेतली. 1999 मध्ये मूल्यशिक्षणावरच्या संसदीय समितीने सर्व धर्मांची मूलतत्त्वं विद्यार्थ्यांना माहीत व्हावीत असं सुचवलं. तिचे अध्यक्ष होते आपले शंकरराव चव्हाण, ज्यांना महाराष्ट्र ‘हेडमास्तर’ म्हणायचा. अहवालाला शोभेलसा अध्यक्ष. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात त्याचा आधार घेतला गेला, आराखड्याला आव्हान दिलं गेलं, आणि 2002 मध्ये अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धर्मांविषयी शिकवणं घटनाविरोधी नाही. मात्र त्या नावाखाली एखादा धर्म माथी मारला जाऊ नये. तेव्हा ‘साहेब, कायदा आड येतो’ हे कारण यापुढे कुणी मला देऊ नये.

आता गप्प बसण्याची किंमत. मराठी शाळेतल्या मुलाला लक्षात राहणारा मुसलमान माणूस पुस्तकात भेटतो तो चौथीत, आणि त्याचं नाव अफझलखान असतं. यात इतिहासाचा दोष नाही. अफझलखान होता आणि प्रतापगडही झाला. शिवराय शिकवू नका असं कुणी म्हटलं तर त्याच्याशी मी भांडेन. पण त्याच इतिहासात काझी हैदर महाराजांच्या फारसी पत्रव्यवहाराला होते, दौलतखान आरमारात होता. आणि भिवंडीच्या मुलांसाठी याहून जवळचं काय असेल की 1657 मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि मराठी आरमाराचं काम या खाडीकाठीच सुरू झालं? हे पाठात एका ओळीत येऊन जातं. शिक्षक त्या ओळीवर थांबला तर वर्गाला कळतं की ही आपल्या खाडीची गोष्ट आहे. थांबला नाही तर मुलाच्या डोक्यात खान उरतो आणि तोच संध्याकाळी मोबाइलवर वेगळ्या कपड्यांत भेटतो.

उर्दू शाळेची बाजूही तितकीच उघडी ठेवते, नाहीतर डावीकडच्या चार रांगा म्हणतील, बाईंनी आमचं सोडून दिलं. तिथल्या मुलांना मराठी हा विषय म्हणून शिकावं लागतं, ‘सुलभभारती’ त्यांच्या दप्तरात असतं, त्यामुळे पाडवा, बैलपोळा हे शब्द तरी कानांवरून जातात. मराठी शाळेतल्या मुलाच्या दप्तरात उर्दूचं अक्षरही नसतं. समोरच्या दुकानाची पाटी त्याला वाचता येत नाही. पण उर्दू शाळेत हिंदू धर्म म्हणजे मूर्ती आणि फटाके, इथवरच ओळख थांबते, आणि वारकरी कोण, बौद्ध माणूस हिंदू का नाही, हे विचारलं तर वरच्या वर्गातली हुशार मुलगीही गोंधळते. शेख महंमद श्रीगोंद्याचे, मुसलमान घरातले, मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिणारे. हा माणूस दोन्ही माध्यमांच्या मुलांना माहीत नाही. दोघांचा असून कुणाचाच नाही.

भिवंडीत बोलायचं आणि 1970 टाळायचं, असं होत नाही. 7 मे 1970 ला शिवजयंतीच्या मिरवणुकीतून दंगल पेटली. न्यायमूर्ती मादन आयोगाने भिवंडी, जळगाव आणि महाड इथल्या घटनांची चौकशी केली. 1984 मध्ये पुन्हा तेच. या गावाचं नाव उर्वरित महाराष्ट्रात कशासाठी घेतलं जायचं हे माझ्या पिढीला आठवतं. बाहेरगावी लग्नाला गेलं आणि ‘भिवंडीहून’ म्हटलं की लोक क्षणभर गप्प व्हायचे. मग 1988 मध्ये सुरेश खोपडे इथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं, पुढारी नव्हेत, आणि त्यांच्यात बसणारा पोलीस. या समित्या शांततेवर भाषणं ठोकायला भरत नव्हत्या. गटार, पाणी, चोरी, भांडण यांवर बोलायच्या, पुन्हा पुन्हा भेटायच्या. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. खोपड्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं, पोलीस प्रशिक्षणात त्याची चर्चा झाली. मला एक खटकतं. या शहराने देशाला दाखवावा असा एक धडा तयार केला, पण तो पोलिसांनी तयार केला. शाळांनी नाही. आपल्या इमारती तेव्हाही त्याच होत्या, पाळ्या त्याच.

शिक्षकांनी काय करायचं याचं एक उदाहरण दूरचं आहे, ते सांगते. इंग्लंडमध्ये 1944 च्या कायद्याने सरकारी शाळांत धर्मशिक्षण सक्तीचं झालं, आणि काय शिकवायचं हे लंडनने ठरवायचं नाही, प्रत्येक भागाने ठरवायचं. त्यासाठी परिषद भरते. तीत अँग्लिकन चर्चची एक समिती, इतर धर्मपंथांची एक, स्थानिक प्रशासनाची एक आणि शिक्षक संघटनांची एक. प्रत्येक समितीला एक मत, आणि चारही जुळल्याशिवाय अभ्यासक्रम मंजूर होत नाही. शिक्षकाला नकाराधिकार! आपल्याकडे परिपत्रक मोबाइलवर येतं आणि दुपारपर्यंत अहवाल मागितला जातो. असो. बर्मिंगहॅम हे कारखान्यांचं शहर, भिवंडीसारखंच बाहेरून आलेल्या मजुरांनी भरलेलं. पंजाबी शीख, पाकिस्तानी मुसलमान, गुजराती हिंदू. ख्रिस्ती बायबल शिकवून भागेना, तेव्हा तिथल्या परिषदेने या सगळ्यांना बोलावलं आणि 1975 मध्ये नवा अभ्यासक्रम केला. त्यात अनेक धर्म होते आणि धर्म न मानणाऱ्यांच्या भूमिकाही होत्या, साम्यवादासह. त्यावरून मोठा गदारोळ झाला, कायदेशीर हरकत आली, मसुदा बदलावा लागला. शिक्षकांसाठीच्या पुस्तिकेला त्यांनी ‘एकत्र जगताना’ अशा अर्थाचं नाव दिलं. मला त्या अभ्यासक्रमापेक्षा ती खोली जास्त मोलाची वाटते, जिथे वेगवेगळ्या धर्मांची माणसं आणि शिक्षक एका कागदावर भांडत बसले. सक्तीच्या धर्मशिक्षणाची इंग्रजी पद्धत इथे आणावी असं मी म्हणत नाही. आपली घटना वेगळी आहे, आणि मला ती जास्त शहाणी वाटते.

शिवाय आपल्याकडे त्याहून जुना दाखला आहे. 1924 मध्ये भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं. भाऊराव जन्माने जैन. वसतिगृहात मराठा, महार, मुसलमान, जैन अशी सगळी पोरं. एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं, कामंही सगळ्यांनी करायची. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. तिथे धर्मांवर कुणी तासिका घेत नव्हतं. गंमत म्हणजे ज्या शाहू महाराजांचं नाव दिलं, त्यांनी कोल्हापुरात वसतिगृहं काढली ती जातवार आणि धर्मवार, मुसलमानांसाठीही वेगळं. कारण त्या वेळी मुलांना शहरात छप्पर मिळणं हीच पहिली लढाई होती. उर्दू शाळांचंही तसंच आहे. कोकणी आणि मोमीन मुलींच्या पहिल्या पिढीला शाळेपर्यंत आणलं ते याच शाळांनी, आणि त्या मोडाव्यात असं म्हणणाऱ्याला भिवंडी माहीत नाही. पण छप्पर मिळाल्यावर पुढची पायरी भाऊरावांची होती. आपण पहिल्याच पायरीवर बसलो आहोत.

आणि जोतिरावांनी तर वसतिगृहच काय, घरच तसं कल्पिलं होतं. 1891 मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त एक कुटुंब आहे, ज्यात बाई बौद्ध होते, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, आणि कुणी कुणाचा द्वेष करत नाही. मुद्दा असा की त्यातला प्रत्येक जण आधी ग्रंथ वाचतो आणि मग ठरवतो. माहितीवाचून निवड नाही.

तर वर्गात काय करायचं? ‘सर्व धर्म सारखेच’ असं सांगून मोकळं व्हायचं नाही. ते खरं नाही, आणि मुलांना ते खरं नाही हे माहीत असतं. ज्याने आजोबांना नमाज पढताना पाहिलंय आणि जिने आईला पालखीपुढे फुगडी घालताना पाहिलंय, त्यांना ‘सगळं एकच’ म्हणणं म्हणजे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं खोटं ठरवणं. फरक नीट सांगा. एका धर्माच्या आतले फरकही सांगा. आपल्याच शहरात कोकणी मुसलमान शाफई आणि मोमीन हनफी, हे मराठी शिक्षकांना ठाऊक नसतं. आगऱ्यांची कुलस्वामिनी एकवीरा आणि पद्मशालींचे मार्कंडेय, दोघांनाही आपण एकाच ‘हिंदू’ रकान्यात टाकतो. बाबासाहेबांचा दुसरा मुद्दा यापेक्षा वेगळा काय होता?

एक पाठ सविस्तर सांगते, कारण तो मी घेतलेला आहे आणि तो गणिताच्या तासाचा आहे. 28 सप्टेंबर 2023 ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली. मुंबईत मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी न्यायचं ठरवलं, आणि शासनाने 29 तारखेची सुट्टी जाहीर केली. पुढच्या वर्षी दोन्ही दिवस पुन्हा लागून आले, आणि 2025 मध्येही. मुलांना विचारलं, असं का होतं? मग चंद्र काढला फळ्यावर. हिजरी महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो, म्हणून त्यांची बारा तारीख म्हणजे आपल्या शुक्ल पक्षाच्या त्रयोदशी-चतुर्दशीच्या आसपास. दोन्ही पंचांगं एकाच चंद्राकडे पाहतात. बारा चांद्र महिन्यांचे 354 दिवस होतात, सूर्याच्या वर्षाहून अकराएक दिवस कमी. हिजरी वर्ष ही तूट भरून काढत नाही, म्हणून रमजान सरकत सरकत सुमारे तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. कधी मे महिन्यातला रोजा, कधी थंडीतला. आपलं पंचांग दर तीनेक वर्षांनी अधिक महिना घालून तूट भरतं, म्हणून दिवाळी थंडीच्या तोंडाशीच राहते. 2023 मध्ये अधिक श्रावण आला, तेव्हा भाद्रपद आणि रबी-उल-अव्वल एकमेकांवर बसले. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ, आणि दोन्ही सण महिनाभराने सुटे. एक मुलगी म्हणाली, ‘म्हणजे बाई, आपण महिना जास्त घेतला म्हणून वेगळे झालो?’ हो, बाई, एवढंच कारण. या पाठात कुणी कुणाला काही मानायला सांगितलं नाही. गणित झालं, भूगोल झाला, विज्ञान झालं, आणि मिरवणुकीचा मार्ग कोण बदलतो यावर घरी काय बोललं जातं, तेही वर्गात येऊन पडलं. ते येऊ द्यायचं असतं.

आक्षेप मला माहीत आहेत. विवेकवादी मित्र म्हणतात, शाळेत धर्म नकोच, वैज्ञानिक दृष्टिकोन द्या. पूजा नको, हे त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. पण शेजाऱ्याबद्दलचं अज्ञान हा वैज्ञानिक दृष्टिकोन नव्हे. दुसरीकडून पालक म्हणतात, आमच्या मुलीला त्यांच्या देवाचं शिकवू नका. हा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो, कारण त्यामागे भीती आहे आणि ती मुलगी त्यांची आहे. त्यांना शाळेत बोलवा, पाठ दाखवा, त्यांच्या धर्माबद्दल आपण काय सांगणार आहोत ते आधी त्यांना वाचू द्या आणि चुकलं असेल तर दुरुस्त करू द्या. आपल्या धर्माबद्दलचा पाठ समोरच्या शाळेत कसा शिकवला जातोय हे तपासण्याचा हक्क प्रत्येक समाजाला असावा. एवढं झालं की बहुतेक पालक निवळतात. काही निवळत नाहीत. त्यांच्या मुलाला त्या पाठातून वगळायचं, आणि त्याच्यावर कसलाही शेरा मारायचा नाही.

आणखी एक, संस्थाचालकांसाठी. रमजानमध्ये चाचणी दुपारी ठेवू नका, आणि गणपतीत गृहपाठ लादू नका. याला धोरण लागत नाही, वेळापत्रक करणाऱ्याच्या टेबलावर दोन दिनदर्शिका लागतात.

दुपारच्या सत्रात ठराव क्रमांक तीन येणार आहे. त्याचा मसुदा मला सकाळी मिळाला. त्यात प्रत्येक शाळेत आठवड्याला एक ‘सर्वधर्मसमभाव तासिका’ ठेवावी अशी शासनाला विनंती आहे. हेतू चांगला आहे, पण मी दुरुस्ती सुचवते. तासिका काढून टाका. शासनाला विनंतीही काढून टाका, कारण यातलं बरंचसं आपल्या हातात आहे. त्या जागी असं लिहा की एकाच इमारतीत किंवा एकाच रस्त्यावर भरणाऱ्या वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळांनी महिन्यातून एक परिपाठ एकत्र घ्यावा, राज्यघटनेच्या प्रास्ताविकेचं वाचन दोन भाषांत व्हावं आणि विज्ञान प्रदर्शन व क्रीडादिन सामायिक ठेवावेत. इतिहास आणि परिसर अभ्यासाच्या शिक्षकांनी वर्षातून एकदा पाठांची अदलाबदल करावी, म्हणजे उर्दू शाळेच्या शिक्षिकेने मराठी वर्गात ईद शिकवावी आणि मराठी शाळेच्या शिक्षकाने उर्दू वर्गात वारी. आणि शिक्षक-पालकांची एक समिती नेमून भिवंडीपुरती एक छोटी पुस्तिका तयार करावी, जिच्यातलं प्रत्येक पान त्या त्या धर्माच्या माणसांनी वाचून मान्य केलेलं असेल. भांडणं होतील, वेळ लागेल, बर्मिंगहॅमलाही लागला.

दुरुस्तीला सूचक म्हणून माझं नाव लिहा. अनुमोदक डावीकडच्या चार रांगांमधून हवा आहे. आणि सचिवसाहेब, जेवणानंतरच्या सत्रासाठी खुर्च्यांवर क्रमांक टाका आणि दारात चिठ्ठ्या वाटा. ज्याला जो क्रमांक येईल, त्याने तिथे बसावं. गटचर्चा त्याच रांगांमध्ये घेऊ.